उसनी ऊब

घटस्थापनेच्या आधीच्या दोनचार दिवसांत आमच्या गावचा घाट पाहण्यासारखा असतो. घरोघरच्या गोधड्या, चादरी, सतरंज्या डोक्यावर घेऊन बायका कृष्णेवर येतात, आणि दुपारपर्यंत घाटाच्या पायऱ्या, काठचे खडक, देवळाच्या ओवरीचा कठडा, सारे रंगीबेरंगी होऊन जाते. लहानपणी आईबरोबर मी पिळायला म्हणून जात असे. भिजलेली गोधडी एकट्याला पिळता येत नाही. दोघांनी दोन टोके धरून उलटसुलट पीळ द्यावा लागतो, तेव्हा कुठे पाण्याची धार लागते. त्या कामात मी तरबेज झालो होतो, आणि धुणे ही गोष्ट आपल्याला येते अशी माझी तेव्हापासूनची ठाम समजूत होती.

त्या समजुतीपायी माझ्या हातून एक चूक झाली. कोर्टकचेरीत जाईल असे तिच्यात काही नव्हते. एक उसने आणलेले जॅकेट मी धुतले, एवढेच. पण त्या धुण्याने माझ्यापुढे एक प्रश्न उभा केला, आणि गेले कित्येक महिने तो माझ्या मागे लागला आहे. आपण चांगल्या मनाने एखादे काम केले आणि त्यापायी दुसऱ्याचे नुकसान झाले, तर आपण दोषी की निर्दोष? शाळेत मुलांना मी 'हेतू शुद्ध असावा' असे पुष्कळदा सांगितले आहे. हेतू शुद्ध असल्यावर पुढे काय, हे मात्र मी कधी सांगितले नव्हते, कारण ते मलाच ठाऊक नव्हते.

२०२३ च्या नाताळच्या सुटीत एका गिर्यारोहण मंडळाच्या तुकडीबरोबर मी उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला गेलो. वय चव्वेचाळीस, आणि बर्फ पाहिलेला फक्त सिनेमात. सांक्री गावाहून चढायला लागायचे. शिखराची उंची ३,८०० मीटरच्या आसपास. असल्या थंडीला पुरे पडतील असे कपडे आमच्या मुलखात कोण घेऊन ठेवतो? मंडळाच्या कोठीतून मी एक भगवे फेदर जॅकेट भाड्याने घेतले. अनामत भरली, वहीत सही केली, आणि परत आणताना स्वच्छ करून आणावे ही सूचना मान डोलावून ऐकून घेतली.

त्या जॅकेटचे उपकार मी विसरणार नाही. रात्री तंबूबाहेरच्या बाटलीतले पाणी गोठत होते, आणि आत मी, सपाट मुलखातला एक शाळामास्तर, उबेत पडून होतो. हातात घेतले तर वजन एखाद्या पातळ पुस्तकाएवढे. एवढ्याशा वजनात एवढी ऊब कुठून येते याचे मला मोठे नवल वाटले, आणि घरी आल्यावर मी त्याविषयी मिळेल ते वाचून काढले. पण धुऊन झाल्यावर वाचले. धुण्याच्या आधी वाचले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

वाचले ते असे. या जॅकेटात भरलेली असते ती पिसे नव्हेत. हंस आणि बदक यांच्या छातीवर पिसांच्या खाली जी मऊ लव असते ती. तिला काडी नसते. एका बिंदूपासून चहूकडे तंतू फुटलेले, म्हाताऱ्या उडतात ना सावरीच्या, तसे तिचे रूप. हे तंतू एकमेकांना दूर ढकलतात आणि मधल्या पोकळीत हवा अडकून बसते. चांगल्या प्रतीची अवघी २८ ग्रॅम लव ८०० घनइंच, म्हणजे सुमारे १३ लिटर जागा व्यापते. घरातली बादली जवळजवळ भरून जाईल. ऊब राखते ती ही अडकलेली हवा. जॅकेट स्वतः कणभरही उष्णता निर्माण करीत नाही. आपल्या अंगची ऊब ते फक्त जाऊ देत नाही.

हिमालयात हा प्रकार पहिल्यांदा चेष्टेचा विषय झाला होता. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने फुग्याच्या कापडात आयडर बदकाची लव भरून एक कोट करवून घेतला. ट्वीडचे कोट आणि लोकरी मफलर वापरणारे त्याचे सोबती त्याला हसले. पुढे वर थंडी वाजू लागल्यावर त्यांना त्या कोटाचा हेवा वाटू लागला. या आयडर बदकाची मादी आपल्या छातीची लव स्वतः उपटून अंड्यांखाली अंथरते. आइसलंडातले शेतकरी तिच्या घरट्यांची राखण करतात आणि ती लव गोळा करतात. पण ही लव फार दुर्मिळ. आपल्या अंगावरची बहुतेक लव येते ती मांसासाठी मारलेल्या हंसा-बदकांची. काही ठिकाणी तर जिवंत पक्ष्याच्या अंगावरून ती ओरबाडून काढीत. त्याविरुद्ध ओरड झाल्यावर २०१४ साली 'रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड' नावाची नियमावली आली. तेव्हा 'पक्ष्याने दिलेली ऊब' असे म्हणणे कानाला गोड लागले तरी खरे नव्हे. ती घेतलेली आहे. आणि घेतलेली वस्तू हयगयीने वाया घालवणे हा त्याच पक्ष्यावरचा दुसरा अन्याय होतो.

आता माझे धुणे ऐका. जॅकेटच्या गळ्याला मळ बसला होता, बाहीवर चहा सांडला होता आणि देवदाराच्या फांदीत अडकून खांद्याजवळ बोटभर फाटले होते. सौभाग्यवतींनी ते निळ्या दोऱ्याने चार टाके घालून शिवले. मग मी बादलीत गरम पाणी घेतले, धुण्याची पावडर घातली, दोन मुठी जास्तच, कारण वस्तू परक्याची. रात्रभर भिजवले. सकाळी ब्रशाने कॉलर घासली. शेवटी जुनी सवय उफाळून आली, आणि एक टोक सौभाग्यवतींच्या हाती देऊन आम्ही ते जॅकेट गोधडीसारखे कचकचून पिळले. पाण्याची धार लागली तेव्हा मला लहानपणीचाच आनंद झाला. मग ते दोरीवर लटकवले.

आता माझ्या ध्यानात आले आहे की यातली एकेक गोष्ट चुकीची होती. लवेवर निसर्गतःच तेलाचा हलका हात असतो, त्यामुळे ती फुलून राहते. धुण्याची पावडर ते तेल काढून टाकते, आणि जास्त घातलेली पावडर नीट निघून न जाता तंतूंना चिकटून बसते. ओली लव फार जड होते; तिला पिळले की तंतू मोडतात, आणि खांद्याला धरून उचलले वा टांगले की ती सारी ओझ्याने खाली जमते, आतल्या शिवणी ताणल्या जातात. सुईने पाडलेल्या छिद्रांतूनदेखील ती एकेक करून बाहेर निघते. तिथे ठिगळ चिकटवायचे असते. थोडक्यात, गोधडीला जे मानवते ते हिला मानवत नाही.

तिसऱ्या दिवशी जॅकेट वाळले. निदान मला तसे वाटले. नायलॉनचे कापड तासाभरात कोरडे होते. हात फिरवला तर छान कोरडे. आई ओसरीवर बसली होती. तिचे वय आता पंच्याहत्तर. तिने जॅकेट जवळ ओढून दोन बोटांच्या चिमटीत धरले आणि म्हणाली,

"अरे, हे वरनं वाळलंय. आत गोळे लागतायत हाताला. गादीत असे गोळे झाले की आम्ही पिंजाऱ्याला बोलवायचो."

"आई, ही गादी नव्हे," मी म्हणालो.

"नसेल बाबा. पण ओलं आहे आत."

त्या दिवशी रविवार होता. सोमवारपासून भाड्याचा एक दिवस वाढणार होता आणि अनामत अडकून राहणार होती. मी जॅकेट त्याच्या पिशवीत कोंबले. मघा एवढे मोठे दिसणारे ते जॅकेट मुठीएवढ्या पिशवीत मावले याचे मला कौतुकच वाटले. मंडळाच्या कोठीवर बसलेल्या गृहस्थांनी पिशवीचे तोंड उघडून वास घेतला, पावडरीचा सुगंध त्यांना पसंत पडला, आणि वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले, 'स्वच्छ'. अनामत घेऊन मी समाधानाने घरी आलो.

फेब्रुवारीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दुकानात काम करता करता कॉलेज शिकणारा मुलगा. माझ्याच तोंडून केदारकंठ्याचे वर्णन ऐकून त्याने वर्षभराचे पैसे साठवले होते आणि जानेवारीच्या अखेरीस त्याच मंडळाबरोबर तो जाऊन आला होता. फोटो दाखवता दाखवता म्हणाला,

"शिखर मात्र नाही झालं, सर. आदल्या रात्री इतकी थंडी भरली, डोळ्याला डोळा नाही. पहाटे दात वाजायचे थांबेनात. लीडर म्हणाले, तू खालीच थांब. जॅकेटच गार होतं, सर. कुबट वास येत होता, आणि हाताला नुसते गोळे."

मी फोटो हातात घेतला. त्याच्या अंगात भगवे जॅकेट होते, आणि खांद्याजवळ निळ्या दोऱ्याचे चार टाके.

मी काहीच बोललो नाही. चहा झाला, तो पाया पडून गेला. 'नशीब, सर, दुसरं काय,' असे जाताना म्हणाला, आणि त्याच्या नशिबाचा कारागीर त्याला 'सुखी राहा' म्हणून आशीर्वाद देत उभा होता.

पुढचे कित्येक दिवस मी स्वतःची वकिली करण्यात घालवले. माझा हेतू काय होता? परक्याची वस्तू स्वच्छ करून द्यावी, हाच ना? मी तर पुष्कळांपेक्षा जास्त काळजी घेतली. काही लोक मळकेच आणून टाकतात. मला माहीत नव्हते, आणि माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल माणूस कसा दोषी? अशी सगळी कलमे मी मांडली. पण थंडीला हेतू कळत नाही. २९ मे १९५३ च्या पहाटे, एव्हरेस्टच्या शेवटच्या छावणीत हिलरीला आपले बूट लाकडासारखे गोठलेले आढळले. तेनसिंगने आपले बूट पायातच ठेवले होते, हिलरीने रात्री काढून ठेवले होते. शिखर समोर असताना त्याला दोन तास स्टोव्हवर बूट शेकत बसावे लागले. जगातल्या त्या सर्वांत उंच जागी जाणाऱ्या माणसाचा हेतू काही वाईट नव्हता! तरी बूट गोठायचे ते गोठलेच. वस्तूंच्या राज्यात हेतूची हुंडी वटत नाही. तिथे ज्ञानाचेच नाणे चालते.

कायद्यातही म्हणतात की कायदा ठाऊक नव्हता ही सबब होत नाही. पूर्वी मला हे फार निष्ठुर वाटे. आता वाटते, यात माणसाच्या स्वभावाची चांगलीच पारख आहे. कारण मी माझ्या अज्ञानाकडे नीट पाहिले, तेव्हा ते मला वाटत होते तितके निरागस निघाले नाही. जॅकेटच्या आतल्या बाजूला धुण्याच्या खुणांची पांढरी पट्टी शिवलेली होती. ती मी पाहिली होती, वाचली नव्हती. मंडळाच्या गृहस्थांना 'हे कसे धुवायचे?' असे विचारायला अर्धा मिनिट लागला असता. मास्तराने धुणे काय विचारायचे, म्हणून विचारले नाही. आणि आईने तर स्पष्ट सांगितले होते. तिला लव ठाऊक नव्हती, पण पिंजलेला कापूस कसा फुलतो आणि दमट कापूस कसा बसतो हे तिच्या बोटांना पन्नास वर्षे ठाऊक होते. तिचे ऐकले असते तर एक दिवसाचे भाडे गेले असते.

'नकळत झाले' असे आपण किती सहज म्हणतो! पण ज्याला आपण न कळणे म्हणतो त्यात पुष्कळदा कळून न घेण्याचा मोठा भाग असतो. काही अज्ञान खरोखर लाचारीचे असते. जिथे सांगणारा नाही, वाचायला काही नाही, तिथे कोणी कुणाला बोल लावू नये. माझे तसे नव्हते. माझ्या अज्ञानात थोडा आळस होता, थोडा अहंकार होता, आणि दीडशे रुपये होते. त्यांना वजा करून जे उरेल तेवढ्यापुरता मी निर्दोष.

मार्चमध्ये मी त्या मुलाला बोलावून सारे सांगितले. सांगताना मी टेबलावरच्या वह्या उगाच सरळ करीत होतो. मुलगा ऐकून घेऊन थोडा वेळ गप्प बसला. मग खाली मान घालून म्हणाला,

"सर, मी पण ते तसंच परत केलं. वाळवलं नाही, सांगितलंही नाही. म्हटलं, आपल्याला मिळालं तसं दिलं."

या उत्तराची मी अपेक्षा केली नव्हती. माझ्या मनात होते की तो मला क्षमा करील किंवा रागावेल. त्याने तर मला सोबत दिली! पण 'मिळाले तसे दिले' हे वाक्य किती न्यायाचे वाटते पाहा. देण्याघेण्याचा हिशेब त्यात चोख आहे. सार्वजनिक वाचनालयातले फाटके पुस्तक, एस.टी.तली बाकडी, धर्मशाळेतली पांघरुणे, शाळेतले नकाशे, साऱ्यांची दशा याच चोख हिशेबाने झालेली असते. प्रत्येकाने मिळाले तसे दिले, वर आपला एक ओरखडा ठेवला, आणि तो ओरखडा काही मुद्दाम ठेवला नाही. वस्तू ज्याची आहे त्याच्याशीच आपले देणे आहे असे मानले की हा हिशेब बरोबर येतो. पण जॅकेट मंडळाचे होते खरे. थंडी मंडळाला वाजणार नव्हती. ती वाजणार होती पुढे जो ते घालील त्याला. आपले खरे देणे त्या न पाहिलेल्या माणसाशी असते, आणि तो समोर नसल्यामुळे ते बुडवणे फार सोपे असते. मला योगायोगाने तो माणूस दिसला. एरवी मी 'स्वच्छ' हा शेरा घेऊन सुखाने झोपलो असतो.

आम्ही दोघांनी मंडळाच्या कोठीतून ते जॅकेट धुण्यासाठी म्हणून मागून आणले. या वेळी आधी विचारले, मग वाचले, मग पाण्यात हात घातला. लवेच्या कपड्यांसाठी निराळा सौम्य द्राव मिळतो, तो आणला. खिसे रिकामे करून चेन लावली. मोठ्या घमेल्यात कोमट पाणी घेऊन तळव्यांनी नुसते दाबत राहिलो. घासणे नाही, पिळणे नाही. पहिल्या पाण्याला माझ्याच पावडरीचा फेस निघाला. दोनदा धुतले, आणि पाणी नितळ होईपर्यंत पाचसहा वेळा खळबळले. उचलताना खालून दोन्ही हात घालून, तान्ह्या मुलाला न्हाणीतून उचलतात तसे उचलले. मग शहरातल्या एका लाँड्रीत वाळवणीचे यंत्र होते तिथे नेले. आच अगदी मंद ठेवायची आणि आत दोनतीन टेनिसचे चेंडू टाकायचे. ते आपटत राहतात आणि गोळे फोडतात. चेंडू मुलाने आणले. क्रिकेटसाठी ठेवलेले होते, पण नवे कोरे. तीन तास ते यंत्र धडधडत होते आणि आम्ही बाकावर बसून ऐकत होतो. आईला नंतर सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे पिंजारीच की!"

घरी आणल्यावरही दोन दिवस ते खाटेवर सावलीत पसरून ठेवले आणि येताजाता चिमटीने गोळे चाचपले. आईची चिमट अखेरची. तिने 'झालं' म्हटल्यावर आम्ही थांबलो. निळ्या टाक्यांवर ठिगळ चिकटवले. जॅकेट पुन्हा फुलले. पण मी केदारकंठ्यावर घातले होते तितके फुलले असे मी शपथेवर म्हणणार नाही. गेलेले तेल परत येत नाही, मोडलेले तंतू सांधत नाहीत. चूक दुरुस्त होते, न झाल्यासारखी होत नाही.

या नादात थोडे आणखी शिकलो. तंबू ओला गुंडाळून ठेवला की त्याला बुरशी धरते. ओले चामडी बूट विस्तवापाशी वाळवले की तडकतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवावेत. पावसाळी जॅकेटची गंमत उलटी आहे: बिघडेल या भीतीने लोक ते धुतच नाहीत, आणि मळाने त्याचे कापड पाणी झटकायचे सोडून पिऊ लागते, योग्य रीतीने धुऊन जराशी ऊब दिली की ते पुन्हा पाणी झटकते. म्हणजे धुणे हीच काळजी असेही नाही, आणि न धुणे हीच असेही नाही. त्या त्या वस्तूला विचारावे लागते. आणि लवेचे जॅकेट कधी पिशवीत कोंबून ठेवू नये. खुंटीला मोकळे टांगावे. ज्या कौतुकाने मी ते मुठीएवढ्या पिशवीत घातले होते, ते कौतुक प्रवासापुरतेच.

जॅकेट आम्ही हातांवर आडवे धरून कोठीवर नेले. तेच गृहस्थ बसले होते. त्यांनी जवळ घेऊन वास घेतला.

"पावडर नाही का घातली?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं. कुणाच्या नावावर होतं हे?"

"कुणाच्याच नाही. धुऊन आणलंय फक्त."

त्यांनी वही उघडली. नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, भाडे, अनामत, शेरा. बोट रकान्यांवरून फिरवत ते शेवटापर्यंत गेले, आणि नोंद करायला ओळच नसल्यामुळे त्यांनी वही मिटली. मुलाने जॅकेट आत नेऊन खुंटीला टांगले.